मल्टिमीडिया सीडीच्या काळात काम केलेलं कुणी आहे का इथं? नंतर कुठं गेलात?

कृष्णाकाठ (सांगली)

परवा माळ्यावरची खोकी खाली काढली. २०१९ च्या महापुरात खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं, माळ्यावरचं तेवढं राहिलं. तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. एका खोक्यात अकरा सीड्या निघाल्या. त्यातल्या एकीवर माझ्याच अक्षरात मार्करनं लिहिलंय, ‘तंबोरा – फायनल – ३’.

१९९७ ते २००३ मी मल्टिमीडियात होतो. विश्रामबागला दोन खोल्यांत आमचं युनिट. चौघं जण, तीन पेंटियम कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि जिवापाड जपलेला एक सीडी रायटर. शाळांसाठी विज्ञानाच्या सीड्या केल्या, कारखान्यांच्या माहितीच्या केल्या, एका द्राक्ष बागायतदारानं मुलीच्या लग्नाची करून घेतली. सगळं मॅक्रोमीडिया डायरेक्टर या सॉफ्टवेअरवर. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्यात पडद्याला ‘स्टेज’ म्हणायचे. चित्रं, आवाज, मजकूर ज्यात ठेवायचे ती ‘कास्ट’. आणि कुठल्या फ्रेमला कोण स्टेजवर येणार, कोण जाणार, हे ‘स्कोअर’मध्ये मांडायचं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, आणि दीडशे वर्षांनी त्याच गावात आम्ही माऊसनं पात्रं स्टेजवर आणतोय, याचा मला फार अभिमान वाटायचा. आजही वाटतो.

पडदा ६४० बाय ४८० चा. रंग २५६, त्यातले २० विंडोज स्वतःकडं ठेवणार, म्हणजे आपल्या हातात २३६. तंबोरा घडवण्यावरच्या त्या सीडीत मला भोपळ्याचा तो मधासारखा तांबूस रंग हवा होता. २३६ पैकी सत्तरएक रंग मी नुसते तपकिरीच्या छटांना दिले, आणि मग कारागिराच्या सदऱ्याचा निळा रंग राखाडी दिसायला लागला. तीन दिवस त्या सदऱ्यात गेले.

२००३ ला युनिट बंद झालं. सासऱ्यांचा बेदाण्याचा व्यवसाय होता तासगावला, त्यात गेलो. आज कोल्ड स्टोरेज बघतो. तक्रार काही नाही, धंदा चांगला आहे. पण ती सीडी हातात आल्यापासून डोक्यातून जात नाही. म्हणून दोन गोष्टी विचारतो.

त्या काळात हे काम केलेलं इथं कुणी आहे का? तुम्ही सोडून कुठं गेलात, आणि सोडताना काय बरोबर नेलंत?

आणि ही सीडी उघडता येईल का? मुलाच्या लॅपटॉपला बाहेरचा ड्राइव्ह लावला. फोल्डर दिसतो, पण चालवायला गेलं की ‘हे ॲप या पीसीवर चालणार नाही’ एवढंच येतं.

हळदीचा_सौदा

‘फायनल – ३’ आहे म्हणजे १ आणि २ पण होत्या. भावा, तंबोऱ्याचं सविस्तर लिहा की. वाचतोय.

लिंगो_९७ (पुणे, मूळ पलूस)

आहे, आहे! मी प्रोग्रामिंगच्या बाजूला होतो. डायरेक्टरची भाषा लिंगो. ‘गो टू द फ्रेम’ ही एक ओळ मी आयुष्यात किती वेळा लिहिली असेल याचा हिशेब नाही. ती नसेल तर स्कोअर पुढं धावत सुटायचा, आणि बघणाऱ्यानं बटण दाबायच्या आत सीडी संपून जायची. ‘इथंच थांब, माणूस काही करेपर्यंत थांब’ एवढंच ती ओळ सांगते. आज मी बँकांच्या सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये आहे, आणि अजूनही पहिल्यांदा हेच बघतो, की स्क्रीन माणसासाठी थांबते का.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं: ती सीडी विंडोज ३.१ वर पण चालावी म्हणून १६ बिट प्रोजेक्टर (म्हणजे सीडी चालवणारी प्रोग्राम फाइल) केला असणार. शाळांत जुनी मशिनं असायची म्हणून आम्ही सगळे तेच करायचो. ६४ बिट विंडोजवर १६ बिट प्रोग्राम चालतच नाही, म्हणजे यात सीडीचा दोष नाही. आता कृपा करून एवढं करा. तिच्यावर कागदी लेबल असेल तर ओढून काढू नका, वरचा चकाकता थर त्याच्याबरोबर निघून येतो. पुसायची झाली तर मऊ कापडानं मधून कडेकडं सरळ पुसा, गोल फिरवू नका. आणि पुन्हा पुन्हा चालवून बघू नका. आधी तिची पूर्ण इमेज, म्हणजे सगळ्या सीडीची हुबेहूब नक्कल एका फाइलमध्ये, काढायची, मग जे काय करायचं ते इमेजवर.

नवीन_पालवी

मी यूएक्स डिझायनर (स्क्रीन वापरणाऱ्याला सोपी जाईल अशी आखायचं काम), वय २६. आमच्या कोर्समध्ये या काळावर एक ओळसुद्धा नव्हती. एक भाबडा प्रश्न: मराठी मजकूर कसा दाखवायचात? तेव्हा मराठीसाठी युनिकोड (सगळ्या मशिनवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) रुळलं नव्हतं ना?

कृष्णाकाठ

@नवीन_पालवी, भाबडा अजिबात नाही, आमची सगळ्यात मोठी डोकेदुखी तीच होती. फॉन्ट होते, श्रीलिपी होती, सीडॅकचं होतं. पण तो फॉन्ट शाळेतल्या मशिनवर नसला की मजकुराच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसायची. म्हणून सगळा मजकूर टाइप करून त्याचं चित्र करायचं आणि चित्र कास्टमध्ये टाकायचं. एक वेलांटी चुकली तर फोटोशॉपपासून पुन्हा सुरुवात.

@हळदीचा_सौदा, फायनल ३ चं कारण ऐका. तंबोऱ्याची तार घोडीवर (तारांखालच्या छोट्या पट्टीवर) टेकते तिथं जो झणकार निघतो, त्याला जवारी म्हणतात. आमच्या टायपिस्टनं सगळीकडं ‘ज्वारी’ केलं. चौदा स्क्रीन. सीडी लिहायच्या आदल्या रात्री लक्षात आलं.

हळदीचा_सौदा

तंबोऱ्याला ज्वारी आणि भाकरीला जवारी! आमच्या आजीकडं भाकरीच्या धान्यालाच ‘जवारी’ म्हणायचे, त्यामुळं टायपिस्टची बाजू मला पटते.

वाळवेकर

सगळे गोड आठवणी काढतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी १९९९ ते २००१ अशाच एका युनिटमध्ये होतो (नाव नको). पगार तीन-तीन महिने अडकायचा. रात्री दोनपर्यंत बसून सीडी करायची आणि गिऱ्हाईक म्हणायचं, यात काय, कॉम्प्युटरच करतो की सगळं. डायरेक्टर शिकलो, तोवर सगळे फ्लॅश (ॲनिमेशनचं दुसरं सॉफ्टवेअर) मागायला लागले. फ्लॅश शिकलो, तोवर इंटरनेट आलं आणि सीडी कुणी घेईना. दर दोन वर्षांनी हातातलं कसब शून्यावर. सुताराचा रंधा असा मरतो का? मी सोडून ठिबक सिंचनात गेलो. बारा वर्षांत घर बांधलं, भावाचं शिक्षण केलं. सर्जनशील करिअर होतं असं म्हणणं मला जड जातं. आणि शाळांना विकलेल्या त्या सीड्या कपाटातून बाहेर तरी आल्या का, हे कुणी प्रामाणिकपणे सांगा.

लिंगो_९७

पगाराबद्दल शंभर टक्के सहमत. हत्यार मरतं हेही खरं. मॅक्रोमीडिया २००५ साली अडोबीनं घेतली, डायरेक्टर २०१७ ला बंद झालं, फ्लॅश २०२० च्या ३१ डिसेंबरला. माझ्या बायोडाटाची पहिली पाच वर्षं आज कुणाला वाचून कळत नाहीत.

मास्तर_जत

@वाळवेकर, तुमचा शेवटचा प्रश्न माझ्याच वाट्याचा आहे, म्हणून उत्तर देतो.

बऱ्याच सीड्या कपाटात राहिल्या, खरं आहे. पण आमच्या शाळेत एक बाहेर आली. २००० सालची गोष्ट. सातवीचा वर्ग, ५४ मुलं आणि कॉम्प्युटर एक. बाकं काढून सगळ्यांना खाली बसवलं, मॉनिटर टेबलावर, टेबल बाकावर. हृदयाचं चित्र होतं, रक्त आत येतं, झडप मिटते, रक्त पुढं जातं. मी एकदा दाखवलं. मागून एक मुलगी म्हणाली, “सर, झडप मिटताना थांबवा.” थांबवलं. “आता थोडं मागं.” मागं नेलं. मग तिनं उठून माऊस मागितला. जतच्या दुष्काळी पट्ट्यातली, आई-बाप ऊसतोडीला गेलेली मुलगी. तिनं ती झडप वीसेक वेळा उघडली-मिटली आणि मग वर्गाला सांगितलं, की रक्त परत येऊ नये म्हणून ती मिटते. मी फळ्यावर हे पाच वर्षं शिकवत होतो. थांबवा, मागं न्या, असं फळ्याला सांगता येत नाही.

ती सीडी कुणी केली होती मला माहीत नाही. सांगलीतच झालेली होती एवढं कव्हरवर होतं.

गोधडीतला_आवाज (मिरज)

मास्तर, हृदयाची सीडी? “झडप मिटते, आणि रक्त पुढं ढकललं जातं” असं त्यात एक बाई सांगत होती का? तसं असेल तर तो आवाज माझा आहे. अंगावर काटा आला वाचताना.

रेकॉर्डिंगसाठी आमच्याकडं स्टुडिओ नव्हता. खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगायच्या आणि एक डोक्यावरून घ्यायची, आत मी, माईक आणि टॉर्च. पंखा बंद. रात्री अकरानंतर सुरुवात, कारण त्याआधी रस्त्यावरची वाहनं थांबायची नाहीत. मे महिन्यात सुद्धा असंच. कागद वाजू नये म्हणून स्क्रिप्ट पुठ्ठ्यावर चिकटवलेली असायची.

एक नियम होता, एका स्क्रीनला दोनच वाक्यं. दुसरं वाक्य संपल्यावर श्वासभर शांतता सोडायची, बघणाऱ्याची नजर चित्रावर जायला. आज मी मिरजेत एका दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचं काम करते. ऑपरेशन काय आहे, खर्च किती, धोका काय. अजून दोनच वाक्यं बोलते आणि थांबते. माणसं त्या थांबण्यात विचारतात जे त्यांना खरं विचारायचं असतं. हे मला कुठल्याही कोर्सनं शिकवलं नाही.

मास्तर_जत

हो ताई. तोच आवाज. “ढकललं जातं” वर किंचित जोर होता. पोरं ते तसंच म्हणून दाखवायची.

सायकलस्वार_सातारा

+१. काय धागा निघालाय! थोडं अवांतर: सीडी लिहिताना लाइट गेल्याच्या आठवणी कुणाच्या?

लिंगो_९७

लाइट जायचीच गरज नव्हती. दोन एक्सनं, म्हणजे दुप्पट वेगानं, सीडी लिहायला ३७ मिनिटं. तेवढ्यात मशिनला दुसरं काही काम लागलं, डेटा यायला क्षणभर उशीर झाला, की ‘बफर अंडररन’ आणि सीडी बाद. स्क्रीनसेव्हर बंद करायचा, माऊसला हात लावायचा नाही, खोलीत कुणाला येऊ द्यायचं नाही. कोरी सीडी इतकी महाग होती, की एक बाद झाली की दिवसाचा पगार गेल्यासारखं वाटायचं. बाद सीड्या आमच्या घरी चहाच्या कपाखाली आणि पपईच्या झाडाला, पाखरं हाकलायला.

हळदीचा_सौदा

आमच्याकडं शाळू राखायला सीड्या लावायचे, त्या कुठून यायच्या ते आत्ता कळलं.

तारेचा_सूर (मिरज)

खूप वेळ नुसता वाचत होतो. @कृष्णाकाठ, ती तंबोऱ्याची सीडी कुठल्या साली केलीत? मिरजेत कुणाकडं चित्रण केलं? आमचं घर सतारमेकर गल्लीत आहे. माझे चुलत आजोबा वारले, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. घरात एक गोष्ट सांगतात, की सांगलीची पोरं मोठा कॉम्प्युटर घेऊन आली होती आणि आजोबांनी त्यांना दोन दिवस घोडीला हात लावू दिला नाही.

कृष्णाकाठ

कॉम्प्युटर नव्हता, रेकॉर्डर होता आणि दोन दिवे. १९९८. बाकी तुम्हाला खासगीत कळवतो, नाव इथं नको.

दोन दिवस हात लावू दिला नाही हे अगदी खरं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, बस. पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं आलेले भोपळे पाण्यात भिजत होते, तो ओला वास सगळ्या दुकानात. त्यांनी घोडी मांडीवर घेतली आणि कानस चालवली. दोन-तीन वेळा घासायचं, फुंकर मारायची, घोडी जागेवर ठेवून तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा काढायची. घोडीचा माथा दिसायला सपाट, पण त्याला नखाएवढाही नाही असा उतार असतो, त्यावर तार थरथरत टेकते आणि त्यातून वरचे सूर फुटतात. तारेखाली मग दोऱ्याचा तुकडा सरकवून नेमकी जागा शोधायची. सकाळपासून दुपारपर्यंत एक घोडी. मी विचारलं, झाली हे कसं कळतं? ते म्हणाले, “एका तारेत चार माणसं बोलायला लागली की सोडायची.”

आता आवाजाचं भांडण. युनिटमध्ये सगळा आवाज ११ किलोहर्ट्झला उतरवायची पद्धत होती. शाळेतल्या मशिनला मेमरी १६ एमबी, आवाज तिच्यात मावला पाहिजे. बोलणं त्यात चालतं. पण ११ किलोहर्ट्झवर साडेपाच हजारांच्या वरची कंपनं राहतच नाहीत, आणि जवारीचा झणकार बराचसा तिथंच असतो. उतरवून ऐकलं तर तंबोरा पोत्यात घालून वाजवल्यासारखा. मी म्हटलं, हा एक आवाज ४४.१ किलोहर्ट्झलाच राहणार. दोन मिनिटांचे २० एमबी. मेमरीत मावणार नाही, म्हणून तो सीडीवरून थेट वाजवायचा. पण ड्राइव्ह आवाज वाचत असताना चित्र मागायला गेला की आवाज अडखळायचा. मग मी ठरवलं, त्या दोन मिनिटांत पडद्यावर काहीच हलणार नाही. एक स्थिर चित्र, घोडीवर टेकलेली तार, बस. ज्यांच्यासाठी सीडी केली ते म्हणाले, स्क्रीन अडकलीय असं वाटतं, काहीतरी फिरतं टाका. मी टाकलं नाही. त्यावरून अर्धं बिल आजतागायत आलेलं नाही.

वाळवेकर

म्हणजे अर्धं बिल बुडालं. माझं म्हणणं तेच आहे, दादा. पण स्थिर चित्राचं तुम्ही बरोबर केलंत.

लिंगो_९७

थांबा, थांबा. @कृष्णाकाठ, आवाज सीडीवरून थेट वाजत होता? म्हणजे तो कास्टच्या आत नाही, बाहेर लिंक केलेली वेव्ह, म्हणजे साधी आवाजाची फाइल आहे! ती वाजवायला डायरेक्टर लागत नाही, विंडोज लागत नाही, आजचा फोन सुद्धा पुरे. सीडीवर ‘साउंड’ किंवा तशा नावाचा फोल्डर बघा. आणि आधी इमेज काढा. ‘डीडीरेस्क्यू’ वापरा, तो न वाचता येणाऱ्या जागा सोडून पुढं जातो आणि नंतर त्या पुन्हा पुन्हा वाचून बघतो. जमलं तर जुना डेस्कटॉपवाला ड्राइव्ह मिळवा, लॅपटॉपच्या चपट्या ड्राइव्हला न दिसलेलं त्याला कधी कधी दिसतं.

नवीन_पालवी

आणि बाकीची सीडी, म्हणजे स्क्रीन, मजकूर?

लिंगो_९७

व्हर्च्युअल मशिनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये) विंडोज ९८ टाकून चालवता येईल. चालली की स्क्रीन आणि आवाज दोन्ही रेकॉर्ड करून ठेवायचे. आतली लिंगो परत मिळवायची तर ‘प्रोजेक्टररेज’ नावाचं साधन आहे. इमेज मला पाठवा, मी बसतो त्यावर. मला करायचंच आहे हे.

सायकलस्वार_सातारा

मी काही मदत करू शकत नाही, पण दर तासाला धागा उघडतोय.

हळदीचा_सौदा

तोवर अवांतर. हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर कुणी अशी सीडी केली होती का? जमिनीखाली वीस-पंचवीस फूट, वर्षानुवर्षं हळद टिकायची. २००५ च्या पुरानं ती गेली. पेवात उतरण्याआधी कंदील सोडून हवा बघायचे, तो विझला तर माणूस उतरायचा नाही. माझ्या आज्ज्यानं हे काम केलं. त्याचा एक फोटो नाही आमच्याकडं.

कृष्णाकाठ

नाही केली. करायला हवी होती. तेव्हा पेवं कायमच असणार असं वाटायचं.

कृष्णाकाठ

(नऊ दिवसांनी)

कुपवाडच्या एका रिपेअरवाल्याकडं जुना ड्राइव्ह मिळाला. इमेज काढायला साडेसहा तास लागले. बराच वेळ एकाच जागी अडकून होता, मी खुर्चीवरून उठलो नाही. काठाकडचा थोडा भाग गेलाय. ‘आवाज’ नावाचा फोल्डर आहे, त्यात सात फाइली. सहा आल्या, एक नाही आली. जी गेली ती भोपळा कोरतानाची.

तंबोऱ्याची आली, पूर्ण. कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात हेडफोन लावून ऐकली. बाहेर गाडीत बेदाण्याची खोकी चढत होती. पहिली वीस सेकंदं नुसती कानस आहे. मग फुंकर. मग तार.

@लिंगो_९७, इमेज तुम्हाला पाठवलीय. स्क्रीनचं तुम्ही बघा.
@वाळवेकर, तुम्हाला पण पाठवतो, तुम्ही तो २३६ रंगांचा सदरा बघून सांगा निळा दिसतो का.

गोधडीतला_आवाज

मला हवी आहे. दवाखान्यात रात्रपाळीला ऐकेन.

तारेचा_सूर

फाइल मिळाली. आजीला ऐकवली. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, नीट ऐकू येत नाही, म्हणून मोठ्या स्पीकरवर लावली. तार सुरू व्हायच्या आधीच, कानशीच्या आवाजालाच, तिनं मान वर केली. म्हणाली, “डाव्या हातानं घासतोय बघ, सुटत नाही सवय.” ते डावरे होते, हे आमच्या पिढीत कुणालाच माहीत नव्हतं.

कृष्णाकाठ, रविवारी या. दुकान आता माझा भाऊ बघतो. गेलेली फाइल भोपळा कोरतानाची आहे ना? भोपळे आत्ता भिजत घातलेत, रविवारपर्यंत कोरायला होतील. रेकॉर्डर घेऊन या.

कृष्णाकाठ

येतो. दहाला पोचतो. मुलालाही आणतो.